समानार्थी वाटणारीं इंग्रजी विशेषणें

चिंचवड म्हटलें कीं मोरया गोसावींचें देवस्थान आठवावें, आणि चाकण म्हटलें कीं १६६० सालीं शाहिस्तेखानाच्या अफाट फौजेशीं झुंजणारा फिरंगोजी नरसाळा डोळ्यांपुढें उभा राहावा, असा एक काळ होता. तीं स्मरणें आजही लोपलेलीं नाहींत. परंतु १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वांत आलें, आणि पवना व इंद्रायणी यांच्या कांठची ही शेतीभाती पाहतां पाहतां कारखान्यांनीं भरून गेली. औषधें, बेअरिंगें, स्कूटरी, मालमोटारी यांच्या बरोबरीनें या पट्ट्यांत आणखी एक वस्तु घरोघर येऊन पोंचली. ती म्हणजे कारखान्याची इंग्रजी.

ही इंग्रजी काव्यनाटकांतून शिकलेली नसते. ती आराखड्यावरील टिपेंत, पिंपावरच्या चिठ्ठींत, तपासणीच्या तक्त्यांत आणि नेमणुकीच्या पत्रांत भेटते. तिच्यांतील नामें फारसा त्रास देत नाहींत. शाफ्ट किंवा गेज ही वस्तु समोर दिसते आणि शब्द तिला चिकटून बसतो. क्रियापदांचा अर्थही हातानें करून दाखवितां येतो. खरी अडचण पडते ती विशेषणांची. विशेषण हातांत धरतां येत नाहीं. आणि कोश उघडावा तर दोन निरनिराळ्या विशेषणांपुढें एकच मराठी प्रतिशब्द छापलेला आढळतो. मग विद्यार्थी समजतो, कीं दोहोंपैकीं कोणतेंही लिहिलें तरी चालेल. पुष्कळदां चालतेंही. पण जेथें चालत नाहीं तेथें कधीं माल नापास होतो, कधीं नोकरीचा हक्क बुडतो, तर कधीं जिवावर बेततें. म्हणून या विषयाचा थोडा विस्तारानें विचार करण्याचें योजिलें आहे.

एका अर्थाचे अनेक शब्द कां?

इंग्रजींत जवळजवळ एकाच अर्थाचीं विशेषणें इतकीं कां, याचें उत्तर इतिहासांत आहे. मूळच्या सॅक्सन बोलीवर १०६६ च्या नॉर्मन स्वारीनंतर फ्रेंचचा थर बसला, आणि पुढें विद्वानांनीं लॅटिनमधून शब्द आणून तिसरा थर चढविला. त्यामुळें ‘राजाचा’ किंवा ‘राजाला शोभणारा’ एवढ्या अर्थास ‘किंगली’, ‘रॉयल’ आणि ‘रीगल’ अशीं तीन विशेषणें त्या भाषेंत नांदूं लागलीं.

आपल्यालाही हें नवें नाहीं. ‘ऊन’, ‘उष्ण’ आणि ‘गरम’ हे तीन शब्द पाहा. पहिला संस्कृतांतून झिजत झिजत आलेला, दुसरा संस्कृतांतून जसाच्या तसा उचललेला, तिसरा फारसींतून आलेला. अर्थ तिहींचा एक. पण बाळाला न्हाऊं घालतांना आजीबाई ‘ऊन पाणी’ मागतात, पाहुण्यापुढें ‘गरम चहा’ येतो, आणि भूगोलाच्या पुस्तकांत ‘उष्ण कटिबंध’ असतो. ‘ऊन कटिबंध’ कोणी म्हणत नाहीं. हा भेद आपल्याला कोणत्या व्याकरणकारानें शिकविला? कोणीही नाहीं. कोणतें विशेषण कोणत्या नामाच्या संगतीनें वावरतें, हें ऐकून ऐकूनच मूल तें शिकतें. शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून होते, हा विचार इंग्रज भाषाशास्त्रज्ञ फर्थ यांनीं १९५७ मध्यें मांडला. आपल्या स्वयंपाकघरांत तो कधींपासूनच राबत आहे.

कोश या कामीं अर्ध्या वाटेपर्यंतच सोबत करतो. १८५२ सालीं निघालेल्या रॉजेटच्या सुप्रसिद्ध शब्दसंग्रहांत एका कल्पनेचे शब्द एका ठिकाणीं मांडलेले आहेत. पण शेजारीं राहणारीं माणसें एका स्वभावाचीं असतातच असें नाहीं, तसेंच शब्दांचें. त्यापूर्वी १८१६ मध्यें जॉर्ज क्रॅब यानें समानार्थी इंग्रजी शब्दांमधील भेद उलगडून सांगणारा स्वतंत्र ग्रंथच लिहिला होता. म्हणजे हा घोटाळा केवळ परक्यांचा नाहीं. इंग्रजांनाही तो दोनशें वर्षांपूर्वी जाणवला होता.

काटेकोर आणि अचूक

आतां कारखान्यांत चलूं. तपासणीच्या विभागांत दिवसांतून शंभर वेळां कानीं पडणारीं दोन विशेषणें म्हणजे ‘ॲक्युरेट’ आणि ‘प्रिसाइज’. मराठींत दोहोंनाही आपण ‘अचूक’ म्हणून मोकळे होतों. परंतु मोजमापाच्या शास्त्रांत यांचे अर्थ वेगळे आहेत.

समजा, एका शाफ्टचा व्यास खरोखर २५ मिलिमीटर आहे. एका मायक्रोमीटरनें तो तीन वेळां मोजला आणि तिन्ही वेळां २५.०४ असाच आला. दुसऱ्या मायक्रोमीटरनें मोजला तेव्हां २४.९७, २५.०३ आणि २५.०० असे आंकडे आले. पहिलें माप ‘प्रिसाइज’ आहे, म्हणजे पुनःपुन्हा तेंच येतें. पण ‘ॲक्युरेट’ नाहीं, कारण सत्यापासून तें दूर आहे. दुसऱ्याची सरासरी सत्याशीं जुळते, पण एकेक माप विखुरलेलें आहे. तें ‘प्रिसाइज’ नाहीं. घरांतील उदाहरण द्यायचें तर, भिंतीवरचें एक घड्याळ बाराही महिने बरोबर पांच मिनिटें पुढें असतें, आणि दुसरें कधीं पुढें तर कधीं मागें असतें. पहिलें काटेकोर आहे, पण खोटें आहे. दुसऱ्याचा एकेका वेळेस भरंवसा धरतां येत नाहीं.

या भेदाचें महत्त्व उपायांत आहे. पहिल्या घड्याळाचे कांटे एकदां मागें सारले कीं काम भागतें. पहिल्या मायक्रोमीटरचें सरकलेलें शून्य जाग्यावर आणलें कीं तो खरें बोलूं लागतो. दुसऱ्यांत मात्र कोठें तरी ढिलेपणा आहे, किंवा मोजणाराचा हात स्थिर नाहीं. तेथें शून्य कितीही वेळां जुळवा, उपयोग व्हायचा नाहीं. अहवालांत ‘ॲक्युरेट नाहीं’ लिहावयाचें तेथें ‘प्रिसाइज नाहीं’ असें लिहिलें, तर दुरुस्त करणारा माणूस भलतेंच यंत्र खोलून बसेल. यास्तव आय. एस. ओ. ५७२५ या १९९४ च्या आंतरराष्ट्रीय मानकानें आणखी एक पाऊल टाकलें. सत्याशीं जवळिकीला त्यानें ‘ट्रूनेस’ असें निराळें नांव दिलें, आणि ‘ॲक्युरसी’ या शब्दांत सत्याशीं जवळीक व काटेकोरपणा या दोहोंचा समावेश केला. शास्त्र प्रौढ होतें तेव्हां तें प्रथम आपलीं विशेषणें नीट करतें, असें दिसतें.

पिंपावरचा शब्द

कोणत्याही मोठ्या कारखान्यांत ‘सेफ्टी’ आणि ‘सिक्युरिटी’ अशीं दोन खातीं असतात. ‘सेफ’ आणि ‘सिक्युअर’ या दोन्ही विशेषणांना आपण ‘सुरक्षित’ म्हणतों. पण पहिलें खातें अपघातापासून माणसांना जपतें आणि दुसरें चोरापासून मालाला. कुलूपबंद दार ‘सिक्युअर’ असतें. मात्र आंत आग लागली असतां तेंच दार मुळींच ‘सेफ’ राहत नाहीं.

याहून भयंकर जोडी ‘फ्लेमेबल’ आणि ‘इन्फ्लेमेबल’ ही होय. महामार्गानें धांवणाऱ्या टँकरच्या पाठीवर दुसरा शब्द आपण पुष्कळदां वाचतों. इंग्रजींत आरंभींचा ‘इन्’ बहुधा नकार दाखवितो. ‘करेक्ट’ म्हणजे बरोबर, ‘इन्करेक्ट’ म्हणजे चूक. या न्यायानें ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे न पेटणारें, असें शिकाऊ कामगारास वाटलें तर त्याचा दोष काय? वस्तुतः येथला ‘इन्’ नकाराचा नव्हेच. ‘आंत ज्वाला उठविणें’ अशा अर्थाच्या लॅटिन क्रियापदांतून तो आला आहे. तेव्हां दोन्ही शब्दांचा अर्थ एकच : चटकन पेट घेणारें. हा धोका ओळखून ब्रिटिश मानक संस्थेनें १९५९ मध्यें ‘फ्लेमेबल’ आणि ‘नॉन-फ्लेमेबल’ हेच शब्द वापरावे असें धोरण जाहीर केलें.

संस्कृतज्ञ वाचकांस येथें अमरकोशाची आठवण झाल्याशिवाय राहणार नाहीं. ‘उत्तम’ आणि ‘अनुत्तम’ हे दोन्ही शब्द त्यांत श्रेष्ठ याच अर्थानें शेजारीं शेजारीं बसविलेले आहेत. ‘अनुत्तम’ म्हणजे उत्तम नसलेला असें नवशिक्यास वाटतें. खरा विग्रह, ज्याहून उत्तम दुसरें नाहीं तें. एवढेंच, कीं ‘अनुत्तम’ शब्दाचा अर्थ चुकला तर पाठशाळेंत हंशा पिकेल. ‘इन्फ्लेमेबल’चा चुकला तर अग्निशामक दलास पाचारण करावें लागेल.

‘एम्प्टी’ हें साधें विशेषणही असेंच दगा देतें. बेंजामिन ली व्होर्फ हा अमेरिकन भाषाभ्यासक हार्टफर्ड येथील आगीच्या विमा कंपनींत आगी टाळण्याचें काम पाहत असे. १९३९ सालीं लिहिलेल्या व १९४१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या निबंधांत त्यानें असें निरीक्षण नोंदविलें, कीं पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ लोक जपून वागतात, पण ‘रिकाम्या’ पिंपांजवळ खुशाल विडी-सिगारेट ओढतात. प्रत्यक्षांत रिकामें पिंपच अधिक घातक, कारण त्यांत स्फोटक वाफ कोंडलेली असते. ‘रिकामें’ या विशेषणानें ‘आंत कांहींच नाहीं, म्हणजे भय नाहीं’ अशी समजूत करून दिली आणि समजुतीनें आग लावली. आपल्या मराठी ‘रिकामें’ या शब्दांतही तोच खळगा आहे. म्हणून अशा पिंपावर नुसतें ‘रिकामें’ न लिहितां ‘आंत वाफ आहे’ असें लिहिणें हेंच शहाणपणाचें.

नेमणुकीच्या पत्रांतील विशेषणें

मुलाला किंवा सुनेला कारखान्यांत नोकरी लागली, कीं घरांत प्रथम पगाराचा आंकडा वाचला जातो. वास्तविक त्या आंकड्याआधीं एक विशेषण वाचावयास पाहिजे. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याखालील आदर्श नियमांत कामगारांचे ‘परमनंट’, ‘प्रोबेशनर’, ‘बदली’, ‘टेंपररी’, ‘कॅज्युअल’ आणि ‘अप्रेंटिस’ असे वर्ग केलेले होते. यांतील ‘बदली’ हा आपल्याच बोलींतला शब्द, इंग्रजी कायद्यांत जसाच्या तसा जाऊन बसलेला. ‘टेंपररी’ आणि ‘कॅज्युअल’ या दोहोंना मात्र घरीं आपण ‘तात्पुरता’ म्हणतों. कायद्याच्या दृष्टीनें दोहोंत अंतर होतें. जें काम मुळांतच थोड्या मुदतीचें, ठराविक काळांत संपणारें, त्यावर नेमलेला तो ‘टेंपररी’. ज्याचें काम प्रासंगिक, अधूनमधून निघणारें, तो ‘कॅज्युअल’. पहिल्या विशेषणांत कामाची मुदत सांगितली आहे, दुसऱ्यांत कामाची अनियमितता.

हीं विशेषणें वर्षानुवर्षें कपाळीं चिकटवून ठेवण्याचा मोह मालकवर्गास होतो, हें ओळखूनच महाराष्ट्रानें १९७१ च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधक कायद्यांत एक महत्त्वाची तरतूद केली. कायम कामगाराचे हक्क मिळूं नयेत या हेतूनें माणसांना ‘बदली’, ‘कॅज्युअल’ वा ‘टेंपररी’ म्हणून वर्षेंच्या वर्षें ठेवणें ही अनुचित प्रथा ठरविली गेली. एका विशेषणासाठीं माणसांनीं न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या, इतकें त्याचें वजन आहे.

‘कंटिन्युअस’ आणि ‘कंटिन्युअल’ ही जोडीही येथेंच पाहण्यासारखी. शाळेंत शिकवितात, कीं पहिलें म्हणजे अखंड आणि दुसरें म्हणजे थांबून थांबून पुनः चालणारें. नळाची धार ‘कंटिन्युअस’, शेजाऱ्याची कुरकुर ‘कंटिन्युअल’. पण १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यांत ‘कंटिन्युअस’ सेवेची व्याख्या निराळीच होती. आजार, मंजूर रजा, अपघात, बेकायदा नसलेला संप, यांमुळें पडलेला खंड तींत खंडच मानला जात नसे. आणि बारा महिन्यांत २४० दिवस प्रत्यक्ष काम झालें, कीं सामान्यतः वर्षाची सेवा अखंड धरली जाई. २०२० मध्यें संसदेनें औद्योगिक संबंध संहिता संमत करून १९४६ व १९४७ च्या या दोन्ही कायद्यांचा विषय एकत्र आणला. तरी धडा तोच राहतो : कायद्याच्या कागदांतील विशेषणाचा अर्थ कोशांत पाहूं नये, त्या त्या वेळीं लागू असलेल्या कायद्याच्या व्याख्येंत पाहावा.

माणूस आजारी, कारखाना आजारी

‘इल’ आणि ‘सिक’ या दोहोंचा अर्थ आजारी. पण ‘इल’ हें विशेषण प्रकृतीविषयीं बोलतांना बहुधा क्रियापदाच्या मागून येतें; ‘तो इल आहे’ असें म्हणतात, ‘इल मनुष्य’ असें सहसा म्हणत नाहींत. ‘सिक’ मात्र नामाच्या आधीं सुखानें बसतें, आणि म्हणूनच ‘सिक लीव्ह’ असते, ‘इल लीव्ह’ नसते. १९८५ सालीं संसदेनें आजारी उद्योगांविषयीं कायदा केला तेव्हां त्यासही ‘सिक’ हेंच विशेषण घ्यावें लागलें. सांचलेला तोटा कंपनीच्या संपूर्ण निव्वळ मालमत्तेइतका किंवा त्याहून अधिक झाला, हें त्या आजाराचें मुख्य लक्षण होतें. पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, जिनें जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साह्यानें या देशांत पेनिसिलिन तयार करून लक्षावधि आजाऱ्यांना हात दिला, तीच १९९७ मध्यें या कायद्याखालीं ‘सिक’ ठरली. तो कायदा २०१६ मध्यें रद्द होऊन गेला. परंतु कोणा बातमीदारानें त्या वेळीं ‘सिक’च्या जागीं ‘अनप्रॉफिटेबल’ असें लिहिलें असतें, तर एका वर्षाचा तोटा आणि सर्व पुंजी गिळून बसलेला तोटा यांतला फरक वाचकाला कळलाच नसता.

घरच्या पत्रव्यवहारांत

कारखाना बाजूस ठेवला तरी सुटका नाहीं. विवाहविषयक जाहिरातींत वधूसाठीं ‘होमली’ हें विशेषण आपल्याकडे मोठ्या प्रेमानें घालतात. घरसंसाराची आवड असलेली, हा हेतु. अमेरिकेंत मात्र माणसाविषयीं तो शब्द वापरला तर ‘दिसावयास सामान्य, रूपहीन’ असा अर्थ होतो. सातासमुद्रापार असलेल्या स्थळाकडे तें पत्र गेलें म्हणजे काय घडेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. तसेंच ‘चाइल्डलाइक’ म्हणजे बालकासारखा निष्पाप, ‘चाइल्डिश’ म्हणजे पोरकट. थोडें तेल पिणारी गाडी ‘इकॉनॉमिकल’. सरकारचें धोरण ‘इकॉनॉमिक’. पिंपरी-चिंचवड हें शहर ‘इंडस्ट्रियल’ आहे. तेथील माणसें ‘इंडस्ट्रियस’ आहेत कीं नाहींत, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

तीन कसोट्या

इतक्या उदाहरणांवरून निवडीच्या तीन कसोट्या हातीं लागतात.

पहिली, उलट शब्द विचारावा. ‘ओल्ड’ या एका विशेषणाचा उलट शब्द कधीं ‘यंग’ तर कधीं ‘न्यू’ असतो. म्हणजे तें एकच विशेषण ‘म्हातारा’ आणि ‘जुना’ अशीं दोन कामें करतें. ‘टेंपररी’च्या उलट ‘परमनंट’, पण ‘कॅज्युअल’च्या उलट ‘रेग्युलर’. उलट शब्द निराळे निघाले, कीं मूळ शब्दही निराळे समजावे.

दुसरी, सोबती नाम पाहावें. चहा ‘स्ट्राँग’ असतो, इंजिन ‘पॉवरफुल’ असतें. चहाला ‘पॉवरफुल’ म्हटलें तर इंग्रज हंसेल. थोरल्या भावास ‘बिग ब्रदर’ म्हणतां येतें, ‘लार्ज ब्रदर’ म्हणतां येत नाहीं. म्हणून विशेषण एकटें पाठ करूं नये; नामासह पाठ करावें.

तिसरी, आणि माझ्या मतें सर्वांत मोलाची : हें विशेषण बदललें तर वाचणारा माणूस निराळें काय करील, असें स्वतःस विचारावें. ‘ॲक्युरेट’ बदलून ‘प्रिसाइज’ केलें तर दुरुस्तीच बदलते. ‘टेंपररी’ बदलून ‘परमनंट’ केलें तर एका कुटुंबाचें भवितव्य बदलतें. अशा ठिकाणीं शब्द दहादां पारखावा. कृतींत कांहींच फरक पडत नसेल, ‘बिग हाउस’ काय आणि ‘लार्ज हाउस’ काय, तर कानाला गोड लागेल तो शब्द घ्यावा आणि पुढें चलावें. सर्वच शब्दांपाशीं थबकणारा लेखक आणि कोठेंच न थबकणारा लेखक, दोघेही वाचकाला सारखेच शिणवितात.

एकत्र कुटुंबास या अभ्यासाची सोय आयतीच असते. कामावर जाणाऱ्या मुलानें वा सुनेनें तेथें वाचलेलें एखादें विशेषण संध्याकाळीं घरीं आणावें. मुलांनीं कोशांतून त्याचे सोबती शोधावे. आजोबांनीं संस्कृत-मराठींतील जोड दाखवावी. आणि एका वहींत चार रकाने करून शब्द, उलट शब्द, सोबतीचें नाम व त्यावरून होणारी कृति हें लिहून ठेवावें. रोज एक जोडी झाली तरी वर्षांत साडेतीनशेंवर जोड्या होतात. एवढी शिदोरी असलेल्या मुलाला मुलाखतींत अडखळावें लागणार नाहीं. आणि पिंपावरची चिठ्ठी वाचतांनाही त्याचा हात आगपेटीकडे जाणार नाहीं.